रूळ आहेत, पण कुंभारीला नाहीत

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. तिसऱ्यांदा पाठवणारे आमचे दाजी, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे खाली टाळ्यांची रांगच लागली. मजकूर थोडक्यात असा: बसमार्ग (फक्त बससाठी राखलेला रस्ता) म्हणजे गरीब शहराची समजूत काढणं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थने बसमार्ग नाकारून समुद्रकाठच्या वस्त्यांना रेल्वे दिली आणि शहराचं भलं झालं. सोलापुरात तर रूळ आयतेच आहेत, पाकणी ते होटगी लोकल सोडा. बीआरटी, म्हणजे अशा बसमार्गावरची जलद बससेवा, पुण्यात फसली, दिल्लीत उखडली. रेल्वेत माणसं जास्त मावतात. आणि एकदा बसवर पैसा घातला की रेल्वे कायमची गेली.

पर्थचं खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय. हिंदी महासागराच्या काठाने उत्तर-दक्षिण लांबत गेलेलं हे शहर. 1979 मध्ये तिथल्या सरकारने फ्रीमँटलच्या प्रवासी गाड्या बंद करून बस लावल्या. लोक खवळले, सरकार बदललं, 1983 मध्ये गाड्या परत सुरू झाल्या. पुढे उत्तरेकडच्या नव्या वस्त्यांसाठी बसमार्ग की रेल्वे, हा वाद ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पेटला. सल्लागारांचा कल बसकडे होता. मग तज्ज्ञांची समिती बसली, तिने रेल्वे म्हटलं, आणि 1992-93 मध्ये जूनडलपची लाइन सुरू झाली. डिसेंबर 2007 मध्ये दक्षिणेला मँडुरापर्यंत आणखी सत्तरेक किलोमीटरची लाइन आली. गाडी जागोजागी ताशी 130 च्या वेगाने पळते. इथवर दाजी बरोबर.

मेसेजात नाही ते पुढे आहे. या गाड्या बऱ्याच अंतरापर्यंत हायवेच्या मधोमध धावतात. स्टेशनाच्या दोन्ही अंगांना भरधाव मोटारी, चालत पोचावं असं घर जवळ नाहीच. म्हणून स्टेशनं लांब लांब ठेवली आणि कितीतरी ठिकाणी स्टेशनाला लागूनच बसचे थांबे बांधले. वस्तीतून फिरत आलेली बस तिथे थांबते, माणूस खाली उतरून गाडी धरतो, तिकीट दोन्हीला एकच. पर्थच्या रेल्वेला माणसं आणून देते ती बस. ती काढून घेतली तर त्या गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतील. मँडुराहून शहरात यायचं तर सत्तर किलोमीटर, तिथे वेगाला अर्थ आहे. आपल्या सोलापुरात या टोकाच्या बाळ्याहून त्या टोकाच्या आसऱ्याला जायला दहाएक किलोमीटर. एवढ्यात ताशी 130 ची गाडी वेग धरेपर्यंत आसरा पूल मागे जाईल की.

आता आपले रूळ. लाइन पाकणी, बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी अशी जाते आणि होटगीला फुटते, एक फाटा वाडीकडे, एक विजापूरकडे. ही मुंबई-चेन्नईची मुख्य लाइन आहे, कुणाची रिकामी पडलेली साइडिंग नाही. एक्स्प्रेस आहेत, मालगाड्या आहेत, वीज केंद्राचा कोळसा आहे, सिमेंट आहे. कामगारांना लोकल लागणार सकाळी सहा ते नऊ, आणि नेमक्या त्याच सुमाराला वंदे भारत आणि हुतात्मा पुण्याकडे निघतात. लोकलला तेव्हा लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं केलं जाईल, हे दाजींनी मला सांगायला हवं, मी त्यांना नाही. लांब जायला नको, पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून चालू आहे. दुपारच्या मोठ्या खंडाची तिथली तक्रार किती जुनी आहे ते पिंपरी-तळेगावच्या नोकरदाराला विचारा. स्वतःची वेगळी लाइन नसली की लोकल म्हणजे एक्स्प्रेसमधून उरलेला वेळ.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. रूळ जिथे आहेत तिथे माणसं आहेत का? जुळे सोलापूरला थोडीफार सोय होईल, आसरा पुलाखालून लाइन जाते, तिथे हॉल्ट दिला तर मी स्वतः वापरेन. पण शहर वाढलंय अक्कलकोट रोडला. कुंभारीला रे नगर उभं राहिलंय, एकूण तीस हजार घरांची वसाहत. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिवणकाम करणाऱ्या बायका. रूळ तिकडे फिरकतही नाहीत.

सकाळी तिथल्या रस्त्यावर उभं राहून बघा. टमटममध्ये मागे चौघी, पुढे ड्रायव्हरच्या अंगाला अंग लावून दोघी, मांडीवर तयार विड्यांच्या पिशव्या. विड्या कारखान्यात द्यायच्या, खराब म्हणून काढलेल्या मोजून परत घ्यायच्या, उद्याची पानं आणि तंबाखू घेऊन पुन्हा तेवढंच अंतर यायचं. उशीर झाला की पानं उरलीसुरली मिळतात. त्या अक्काला टिकेकरवाडी स्टेशनवरून लोकल आहे म्हणून सांगून बघा, मग कळेल सोलापुरात शिव्या किती भाषांत देतात.

गंमत म्हणजे याचा दाखलाही ऑस्ट्रेलियातच आहे, तोही समुद्रकाठचाच. ब्रिस्बेनच्या उत्तरेला सनशाइन कोस्ट. तिथली जुनी रेल्वे किनारा सोडून आत लँड्सबरो-नंबूरकडून जाते आणि वस्ती वाढली ती किनाऱ्याला. आता बीअरवाहहून किनाऱ्याकडे नवा फाटा काढायचा ठरलाय. 2025 मध्ये तिथल्या राज्य सरकारने जाहीर केलं ते असं: रेल्वे बर्टिन्यापर्यंत, तिथून पुढे मारूचिडोर आणि विमानतळापर्यंत बस. ब्रिस्बेनचं ऑलिंपिक तोंडावर आलेलं, तरी शेवटचा तुकडा बसलाच दिला.

बीआरटी फसली, हे मात्र उडवून लावण्यासारखं नाही. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू झाली तेव्हा मी स्वारगेटला उतरून रस्त्याच्या मधल्या थांब्यावर जायला जीव मुठीत धरून धावलोय. लेन मध्येच तुटायची, पुढे दुचाकी घुसायच्या, नगर रस्त्यावरचा मार्ग तर पुढे बराचसा काढलाच. दिल्लीचा तुकडा जेमतेम सहा किलोमीटरचा, 2008 ला सुरू, 2016 ला उखडला. तिथे मोटारवाल्यांनी केलेला आरडाओरडा मोठा होता, पण चौकातल्या सिग्नलचं गणितही चुकलेलं होतं. हे सगळं कबूल. पण पिंपरी-चिंचवडमध्ये बीआरटी आजही चालते. आणि आपल्या शेजारचं हुबळी-धारवाड? 2011 च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांच्या आसपास होतं आणि आपणही तेवढेच. तिथे 22 किलोमीटरच्या मार्गावर 2018 पासून चिगरी बस धावते. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण, आपल्याकडे अर्ध्या घरांत हे सांगायलाच नको. तिथेही कुरकुर आहे, मोटारींना उरलेला रस्ता अपुरा पडतो म्हणून. पण सोलापूरची तुलना पर्थशी करायची आणि हुबळीचं नावही काढायचं नाही, हे कसलं गणित?

जास्त माणसं मावतात, हे खरंच. पण कोलंबियातल्या बोगोटाच्या बसमार्गावर गर्दीच्या तासाला एका दिशेने चाळीस हजारांवर माणसं जातात. अक्कलकोट रोडला त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी गर्दी नाही.

राहिलं रेल्वे कायमची जाण्याचं. कॅनडातल्या ओटावाने 1983 मध्ये बसमार्ग बांधला, गर्दी त्यात मावेना तेव्हा 2019 मध्ये त्याच वाटेच्या मोठ्या भागावर हलकी रेल्वे सुरू केली. जागा राखलेली होती म्हणून जमलं. आपल्याकडे जागा राखायची म्हटलं की आधी हातगाड्या, मग टपऱ्या, मग नगरसेवकाचा बोर्ड.

मी रेल्वेच्या विरोधात नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ही चौऱ्याऐंशी किलोमीटरची लाइन व्हायलाच हवी, तिथे बसमार्गाचं नाव काढणाऱ्याला मीच हसेन. पण शहरातल्या शहरात अक्कलकोट रोड आणि विजापूर रोडला आधी बसला मोकळी लेन आणि दहा मिनिटांना एक गाडी द्या.

दाजींना हे फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, रविवारी कुंभारीला जाऊन बघू. मी स्कूटर काढणार नाही, टमटमनंच जायचं, हे आधीच सांगून ठेवलंय.