प्राणीपेशी म्हणजे पाण्याचा फुगा नव्हे

लातूर-नांदेडकडच्या नीटच्या ग्रुपांवर सध्या एक 'झटपट उजळणी' फिरतेय. तिच्यात लिहिलंय : प्राणीपेशीला भित्तिका (वनस्पतीपेशीसारखी बाहेरची ताठ भिंत) नसते, म्हणून स्वतःचा आकारही नसतो, आतल्या पाण्याच्या दाबानं पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, फुगतं, तोच तिचा आकार. सायटोस्केलेटन (पेशीच्या आतला प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा) म्हणजे हाडांसारखे पक्के खांब, व्याख्या पाठ केली की झालं. आमची पोरं रात्र-रात्र जागून हे घोकतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी दाबाचं बघू. नुसत्या दाबानं मिळतो तो गोल. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाका. पाणी आत शिरतं, ती गोल होते आणि फुटते. रक्तात मात्र ती 7 ते 8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दोन्ही बाजूंनी खोलगट चकती असते. तिच्या पटलाला आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं लागलेलं असतं. अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या आखूड तुकड्यांनी ते सांधलेलं आणि अँकिरिनसारख्या प्रथिनांनी पटलाशी बांधलेलं असतं. डिटर्जंटनं पटलातली मेदद्रव्यं विरघळवली तरी हे जाळं मागं उरतं. सुंभाच्या बाजेसारखं ते भार आला की दबतं, सुटला की पूर्ववत होतं. प्लीहेतल्या (पानथरीतल्या) फटी जेमतेम एखाद्या मायक्रॉनच्या. 120 दिवसांच्या आयुष्यात ही पेशी त्यांतून पुन्हा पुन्हा निसटते ती या लवचीकपणावर. स्पेक्ट्रिन किंवा अँकिरिनच्या जनुकात जन्मजात दोष असला, की पटलाचे तुकडे थोडे थोडे सुटत जातात, पेशी गोल व ताठ होते आणि प्लीहेत अडकून नष्ट होते. मग लेकराला रक्तक्षय, कावीळ, वाढलेली प्लीहा. इथं पाणी तेच असतं, बिघडलेलं असतं ते जाळं. (सिकलसेलशी याची गल्लत करू नका. तिथं हिमोग्लोबिनच एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं.)

आणि कमरेपासून पावलापर्यंत जाणारा, जवळपास 1 मीटर लांबीचा चेतातंतू? तो एकाच पेशीचा असतो. असा आकार कुठल्या पाण्याच्या दाबानं येईल?

'पक्के खांब' हे थोडंफार लागू पडतं ते केराटिनसारख्या 10 नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांना. केराटिन 5 किंवा 14 मध्ये दोष असला तर जराशा घर्षणानंही कातडीवर फोड येतात. बाकीचा सांगाडा सतत मोडत-जुळत असतो. पांढरी पेशी जंतूकडं सरकते तेव्हा तिच्या पुढच्या टोकाला अ‍ॅक्टिनचे धागे वाढत जातात, मागं ते सुटे होतात. मायक्रोट्यूब्यूल ही 25 नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. ती वाढता वाढता एकदम आखडते, पुन्हा वाढू लागते. मिचिसन आणि किर्शनर या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये हे मांडलं.

राहिली पाठ केलेली व्याख्या. ती घोकून भागत नाही, कारण या सांगाड्याशी औषधाचा आणि विषाचाही संबंध येतो. पावसाळ्यात बांधाच्या कुपाटीला लाल-पिवळी कळलावी फुलते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असतं. ज्या प्रथिनापासून मायक्रोट्यूब्यूल बनतात त्या ट्यूब्युलिनला ते चिकटतं, नळ्या जुळू देत नाही आणि पेशीविभाजन अडतं. गाउटच्या (सांधे सुजून दुखण्याच्या एका आजाराच्या) गोळीत हेच असतं. सांध्याकडं धावणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यानं मंदावतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, तेव्हा तो कंद घरी उगाळून कुणालाही देऊ नका.