गरम पाण्यावर व्हॅट

गरम पाणी. नुसतं गरम पाणी हो! त्याचे व्हिएतनामच्या हॉटेलात साठ हजार डोंग लावले मेल्यांनी, वर प्लस प्लस. म्हणजे आधी पाच टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या सर्व्हिस चार्जसकट सगळ्यावर आठ टक्के व्हॅट, झाले अडुसष्ट हजार चाळीस. वरचे चाळीस डोंग द्यायला या देशात नोट तरी आहे का, हजाराच्या खालचं कोणी हातात घेत नाही इथे.

मला माहितीये आपले जेमतेम सव्वादोनशे रुपये होतात आणि सव्वादोनशेने कोणी देशोधडीला लागत नाही, नवरा पण काउंटरवर माझं कोपर दाबून "जाऊ दे ना" करत होता. मुद्दा पैशाचा नाहीये. (मुद्दा पैशाचाच आहे.) चहाचं पाकीट माझं, साखर माझी, दूध पावडर माझी, अगदी ढवळायचा चमचा पण घरून आणलेला. का, तर खोलीत किटली नाही. सायगॉनमधलं (म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीतलं) पाच तारे लावलेलं हॉटेल, छताला सागवानी पंखा, पितळी नळ, आणि किटली नाही! विचारलं तर म्हणे हेरिटेज विंगमध्ये किटली ठेवत नाही मॅडम, बटलर आहे ना. बरं, बोलवा बटलरला. पांढरे हातमोजे घालून पोरगा आला, चांदीचा ट्रे, त्यावर कडक इस्त्रीचा नॅपकिन, एक ऑर्किडचं फूल, आणि मधोमध एवढुशी झारी. तिच्यात दीड कप पाणी, तेही वर येईपर्यंत कोमट, कारण लिफ्ट पण हेरिटेज. चहा कसला, नुसतं पिवळं पाणी झालं. आणि आज सकाळी चेकआउटला ती गोड मुलगी गोड हसून बिलावर बोट ठेवते, "इन-रूम डायनिंग, हॉट वॉटर." डायनिंग! पाण्याला डायनिंग!

आणि समोरच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून कंडेन्स्ड मिल्कची कॉफी घेतली की ती बाई न मागता बर्फाचा चहा आणून ठेवते, फुकट, संपला की परत ओतते. इथे सगळीकडेच तशी पद्धत आहे. फक्त या राजवाड्यात नाही.

हेरिटेज हा शब्द आता माझ्या डोक्यात जातो. खिडकी लागत नाही, हेरिटेज. शॉवरला धार नाही, हेरिटेज. रस्त्याकडची खोली, लाकडी झडपा, आत एकेरी काच, आणि खाली अख्ख्या सायगॉनच्या स्कूटर. रात्री दोनला कोण हॉर्न वाजवतं हो? इथे वाजवतात. त्यात शनिवारी कोणीतरी चाकांवरचा स्पीकर ओढत आणून कराओके लावला, ते रडकं गाणं मला आता चालीसकट पाठ झालंय. रिसेप्शनला फोन केला तर इयरप्लग पाठवले, मखमली पिशवीत घालून.

बरं कौतुक कशाचं, तर "कलोनियल चार्म". कॉरिडॉरभर फोटो लावलेत, टोपीवाला साहेब रिक्षात आणि एक हडकुळा अनवाणी माणूस ती ओढतोय. फ्रेंचांनी 1859 ला सायगॉन घेतलं ते पार 1954 उजाडेपर्यंत या लोकांना सोडलं नाही, आणि त्याचा चार्म आम्ही रात्रीचे अठरा हजार रुपये मोजून बघायचा. आपल्याकडे माथेरान-महाबळेश्वरला तरी काय वेगळं आहे म्हणा, एक गळका बंगला आणि "ब्रिटिशकालीन" अशी पाटी, की लावा दुप्पट रेट. फ्रेंचांनी बांधलेलंच बघायचं तर ते पोस्ट ऑफिस बघा ना, 1891 चं, उंच कमान, भिंतीवर जुने नकाशे, अजून तिकिटं विकतात, आत जायला एक पैसा लागत नाही. तेवढ्यात आमच्या हॉटेलचा कन्सिएर्ज, म्हणजे पाहुण्यांना माहिती देणारा माणूस, सांगतो की ते आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधलं. नाही बाबा! फुलू नावाचा आर्किटेक्ट होता. या देशातला प्रत्येक जुना लोखंडी खांब आयफेलच्या नावावर का खपवतात कळत नाही.

आणि नाश्ता! सोळा प्रकारचं चीज, क्रोसाँ, एक माणूस फक्त मधाचं पोळं घेऊन उभा. शाकाहारी काय आहे विचारलं की मोठ्या अदबीने पालकाची भाजी पुढे करतात, तिच्यात फिश सॉस. बुफेवर उभं राहून मी ब्रेडला मेतकूट लावून खाल्लंय आणि बाजूच्या फ्रेंच आजोबांनी ते काय आहे विचारलं तर त्यांनाही दिलं. त्यांना आवडलं.

हे सगळं मी एअरपोर्टवर बसून तावातावाने टाइप करतेय आणि आत्ता लक्षात आलं की पायात त्यांच्याच पांढऱ्या सपाता आहेत. बॅगेत शॅम्पूच्या बाटल्या, शिवणाचा डबा, दोन शॉवर कॅप आणि तो इयरप्लगचा मखमली बटवा. वसूल करायला नको?

पण एक गोष्ट काही केल्या विसरणार नाही. याच देशात आधी आम्ही गल्लीतल्या पंधराशे रुपयांच्या हॉटेलात राहिलो, बसस्टँडच्या संडासात गेलो, मेकाँग नदीच्या डेल्टातल्या बोटीवाल्याच्या घरी गेलो, सगळीकडे धुवायचा जेट होता. व्हिएतनामी माणूस त्या बाबतीत आपल्यासारखाच, पाण्यावाचून त्याचं पण होत नाही. आणि इथे, या महालात, संगमरवरी बाथरूममध्ये, सोनेरी चौकटीत घडी घातलेला कागद! कारण फ्रेंचांच्या काळात जेट नव्हता म्हणे. मग एसी होता का? वायफाय होतं का रे? शेवटी पाण्यासाठी एक "मग" मागवला. "मग" म्हणजे काय हे कोणाला कळेना, नवऱ्याने खाणाखुणा करून सांगितलं, कशा ते विचारू नका. वीस मिनिटांनी तोच हातमोजेवाला बटलर आला आणि वाकून शॅम्पेनची बादली देऊन गेला. चांदीची, दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं.

वापरली. अजिबात लाज वाटली नाही.