गळतीची पुण्याई

मुंबईतील बँकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन घाटमाथ्यावरच्या आमच्या वाडीत परतलो, तेव्हा उरलेले आयुष्य झऱ्याच्या नादात जाईल, अशी माझी समजूत होती. परंतु पाणीपट्टीची पावती मी दोनदा वाचून पाहिली, एवढ्या एका अपराधाबद्दल गावाने मला पाणीपुरवठा समितीवर घेतले.

महाबळेश्वराला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आम्ही त्याच ढगांचे शेजारी. तरीही मे महिन्यात आमच्याकडे हंड्यांच्या रांगा लागतात, कारण खालचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. आधार एकच, कड्याखालचा बारमाही झरा. तेथून चाळीस वर्षांपूर्वी टाकलेली लोखंडी पाइपलाइन आता सायकलच्या ट्यूबा, सुतळी आणि आबांची स्मरणशक्ती यांवर तग धरून होती. तिचा नकाशा कोणत्याही कार्यालयात नव्हता. तो आबांच्या डोक्यात होता, आणि "दुसरा व्हॉल्व्ह कुठे?" असे विचारल्यावर "परवाच्या साली म्हैस घसरली, तिच्या चार पावलं वर," असे नेमके उत्तर मिळत असे.

एका भर उन्हाळ्यात मी घड्याळ आणि बादली घेऊन झऱ्यावर गेलो. पंधरा लिटरची बादली भरायला पन्नास सेकंद लागली, म्हणजे दिवसाला जवळजवळ २६ हजार लिटर पाणी. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने आमच्या २४० माणसांना १३,२०० लिटर पुरतात. म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी वाटेत गळत असूनही भागायला हवे होते. ही आकडेमोड मी ग्रामसभेत मांडली, तेव्हा वरच्या आळीने खालच्या आळीकडे पाहिले, खालच्या आळीने वरच्या आळीकडे, आणि पुढचे दोन तास पाण्याचा विषयच निघाला नाही.

अखेर नवी योजना मंजूर झाली. डोंगरी गावांसाठीची पाच टक्के लोकवर्गणी गोळा करताना किती घरी चहा घेतला आणि किती घरी नुसता चहाच मिळाला, हे सांगत बसत नाही. काळे प्लास्टिक पाइप आले, दारोदारी चकचकीत नळ बसले. साठवणीची टाकी तेवढी राहिली होती. परंतु उद्घाटनाचा मुहूर्त राहणारा नव्हता, म्हणून ठेकेदाराने झऱ्याची लाइन "तात्पुरती" थेट घरांना जोडून दिली.

नारळ फुटला, पाणी आले, बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिले. मग सरपंचांनी पाण्याच्या काटकसरीवर भाषण केले आणि समारोपात सर्वांना नळ बंद करण्याची विनंती केली. आमच्या वाडीने सरपंचांचे एकमुखाने ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

झरा खालच्या आळीपासून ११० मीटर उंच आहे. दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो, आणि पाइप सहा किलो दाब सोसणारे होते. नळ उघडे होते तोवर पाणी वाहते राहिल्याने सारे निभावले. ते बंद होताच पहिला सांधा मंडपामागे सुटला, दुसरा देवळापाशी, आणि माझ्या अंगणातला नळ शेजारणीच्या पापडांवरून उडून गोठ्यात गेला. पापड वाचले नाहीत.

आबा कोणाशी न बोलता कड्याकडे चालू लागले आणि पाऊण तासाने पाणी थांबले. परतल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की, जुनी लाइन सतरा ठिकाणी गळत होती म्हणून कधी फुटली नाही.

टाकी आणि वाटेतली दाब तोडणारी कुंडी बांधून होईपर्यंत आम्ही जुन्या लाइनवर परतलो. गळत्या निदान मोजून ठेवाव्यात म्हणून मी वही घेऊन आबांबरोबर निघालो. नवव्या गळतीपाशी त्यांनी माझी पेन्सिल धरली.

"ही लिहू नका, भाऊसाहेब. इथं माझी म्हैस पाणी पिते."

मी आठनंतर थेट दहा लिहिले.