डकटेल्स, गेम बॉय आणि 'काका'

गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, डिस्नेच्या कार्टूनवरून निघालेला 'डकटेल्स' नावाचा व्हिडिओ गेम होता. त्याविषयी मी लिहिलं त्यावर 'निनावी' यांची प्रतिक्रिया आली आहे. इतर वाचकांसाठी ती जशीच्या तशी देतो:

"काका, तुमचं लहानपण गोड होतं म्हणून खेळ चांगला ठरत नाही. गेम बॉयवरचा डकटेल्स म्हणजे टीव्हीवरच्या खेळाची कापून-छाटून केलेली नक्कल. रंग नाहीत, स्क्रीन धूसर, तासाभरात संपतो, आणि तुम्ही चंद्राच्या त्या एका धूनवर भाळलात. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा."

दोन ओळींत उत्तर देणार होतो. जमलं नाही.

मला काका म्हटल्याचं काही नाही. वयाने असेनही. पण नाव सांगायचं नाही, पहिल्याच शब्दात नातं जोडायचं आणि जाता जाता अभ्यासाचा सल्ला द्यायचा, ही कुठली रीत? माझा लेख आवडला नसेल तर तसं म्हणा ना. "अमुक ठिकाणी पटलं नाही, मी खेळलो तेव्हा असं झालं" इतकं लिहिलं असतंत तरी मी आनंदाने बोललो असतो. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत, आणि ते येतात याचा मला आनंदच आहे. पण ते खेळाबद्दल भांडतात. तुम्ही माझ्या लहानपणाबद्दल भांडताय, आणि ते तुम्ही पाहिलेलं नाही.

स्क्रीन धूसर, हे मात्र मान्य. पहिल्या गेम बॉयला मागून प्रकाश नव्हता. हिरवट पडद्यावर चार छटा, आणि चित्र भरभर सरकलं की मागे त्याचा डाग राहायचा. झालं? आता पुढे जाऊ.

'कापून-छाटून केलेली नक्कल.' या एका वाक्यासाठीच मी बसलोय. कॅपकॉम या जपानी कंपनीने एनईएसवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा, डकटेल्स १९८९ मध्ये आणला आणि गेम बॉयवरचा १९९० मध्ये. म्हणजे नंतर आला तो नक्कल, असा तुमचा हिशेब दिसतो. ठिकाणं पाच, तीच: ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतली खाण, हिमालय, चंद्र. कुठून सुरुवात करायची ते आपण ठरवायचं, ही मुभाही तीच. इथवर बघून तुम्ही निकाल दिलात. लेव्हलच्या आत शिरला असतात तर दिसलं असतं की आतल्या वाटा बदललेल्या आहेत. टीव्हीवरचा खेळ तोंडपाठ असलेला माणूसही इथे चाचपडतो.

आणि त्या बदलणं भागच होतं. एनईएसचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं, गेम बॉयचं १६० बाय १४४. गुणाकार करून बघा, जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा हाती उरते. एवढ्या खिडकीत जुन्या लेव्हल जशाच्या तशा कोंबल्या असत्या, तर उडी मारल्यावर आपण कशावर उतरणार हेच कळलं नसतं. डकटेल्समध्ये तर सगळं उतरण्यावरच आहे. आधी उडी घ्यायची, हवेत असतानाच काठी पायाखाली आणायची, आणि मग अंकल स्क्रूज, म्हणजे या खेळाचा नायक असलेले श्रीमंत बदकराव, त्या काठीवर टणाटण उड्या मारत निघतात. शत्रूच्या डोक्यावर पडले की शत्रू गारद, आणि त्याच्याच डोक्यावरून मिळालेल्या उसळीवर पुढची कड गाठायची. ही उसळी नेमकी कुठे घ्यायची याचा अंदाज बांधायला पुढचा थोडा तरी भाग दिसावा लागतो. पडदा लहान झाला की अंतरं नव्याने बसवावी लागतात. ज्यांनी ती बसवली त्यांच्या कामाला तुम्ही कात्री म्हणताय. मी याला काम म्हणतो. शिंप्याकडे कधी कपडा लहान करून घेतलाय का? शिवण उसवावी लागते, नुसतं खालून कापून चालत नाही.

आणखी एक. २०१७ मध्ये कॅपकॉमने डिस्नेच्या जुन्या खेळांचा संग्रह काढला. त्यात सहा खेळ होते आणि सहाही एनईएसचे. गेम बॉयवरच्या डकटेल्सला त्यात जागा मिळाली नाही. त्यामुळे आज त्याच्याविषयी इतक्या ठामपणे बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो खरोखर हातात घेतलाय, याबद्दल मला शंका आहे. तुम्ही घेतला असेलही. प्रतिक्रियेत तरी त्याची खूण सापडली नाही.

मी घेतलाय. मावसभावाच्या गेम बॉयवर, त्याला झोप लागेपर्यंत वाट बघून. चार सेल लागायचे. ते संपत आले की पडद्याशेजारचा लाल दिवा मंद व्हायला लागायचा, आणि आपण ट्रान्सिल्व्हेनियाच्या हवेलीत अर्ध्यावर. खेळ सेव्ह करायची सोय नाही, पासवर्ड नाही. दिवा गेला की सगळं पहिल्यापासून. तेव्हा 'तासाभरात संपतो' हे ज्याला येतो त्याच्यासाठी खरं आहे. तो तास कमवायला मला किती दिवस लागले ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुम्ही पुन्हा 'गोड लहानपण' म्हणाल. गोड कसलं, मावसभाऊ उठला की मार बसायचा.

रंगांचं म्हणाल तर ज्या टीव्हीवरच्या खेळाचे गोडवे गाताय, त्यात स्क्रूजचा कोट लाल आहे. कार्टूनमध्ये तो निळा आहे. त्यावर कधी प्रतिक्रिया लिहिलीत का कुणाला?

चंद्राच्या लेव्हलमधल्या धूनबद्दल मी वाद घालणार नाही. संगीतकार हिरोशिगे तोनोमुरा यांची ती चाल, हाच खेळ नव्याने बनवला त्या २०१३ च्या 'डकटेल्स रीमास्टर्ड'मध्येही ठेवावी लागली. एकटा मीच भाळलो असेन तर असो.

राहता राहिला अभ्यास. मूळ यंत्र माझ्याकडे आजही आहे, आणि त्याला नवी उजळ स्क्रीन मी मुद्दाम बसवलेली नाही. दिव्याखाली तिरपं धरून खेळतो, मान दुखते. हा अभ्यास नसेल तर मग काय असतो ते कृपया कळवा.

पुढचा लेख 'डकटेल्स २'वर आहे. १९९३ चा खेळ, तोही गेम बॉयवर आला होता, तेव्हा तुम्हाला तोही नक्कलच वाटणार. प्रतिक्रिया जरूर द्या. या वेळी नावानिशी दिलीत तर मलाही तुम्हाला काय म्हणायचं ते ठरवता येईल.