४५ तासांची वसुली

पॅकेजवर ‘३ दिवस, २ रात्री’ असं ठसठशीत छापलेलं असतं. चेक-इन पहिल्या दिवशी दुपारी २ वाजता, चेक-आउट तिसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता. बोटं मोडून बघा, ७२ नव्हे, ४५ तास भरतात. झोपेचे १६ वजा करा, उरले २९. गोव्यात वॉटर पार्क असलेल्या रिसॉर्टात उतरलेलं मराठी कुटुंब या २९ तासांकडे सावकाराच्या नजरेने बघतं. विश्रांती हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतोच. तिथे असते वसुली. माझं तर स्पष्ट मत आहे की पुढे जे जे फसतं, ते या एका शब्दापायी.

फसायला सुरुवात तिकिटापासून होते. ‘गोवा केवढंसं ते!’ म्हणून मडगावचं तिकीट काढतात आणि रिसॉर्ट असतं हणजुण्याला, म्हणजे पन्नासेक किलोमीटर उत्तरेला. अलीकडे थिवीला उतरले असते तर निम्म्याहून जास्त रस्ता वाचला असता. टॅक्सीवाला सामान चढवता चढवता हळहळतो, ‘पात्रांव, थिवीं देंवपाक जाय आशिल्लें’, म्हणजे साहेब, थिवीला उतरायला हवं होतं. हळहळ खरी असते, भाडंही खरं असतं. ओला-उबर इथे चालत नाहीत, हे मोबाइल तीनदा बंद-चालू केल्यावर पटतं. विमानवाल्यांचीही तीच गत. २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू आहे आणि दाबोळीही चालूच आहे. तिकिटावर दाबोळीचं लघुनाम जीओआय, मोप्याचं जीओएक्स. शेवटचं अक्षर न वाचणारा माणूस उतरतो एका विमानतळावर आणि न्यायला आलेला मेहुणा उभा असतो दुसऱ्या विमानतळावर.

वॉटर पार्कच्या दारात पिशव्या तपासतात, कारण बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई असते. पंच्यांच्या घडीतून चिवडा निघतो, पावडरच्या डब्यातून लाडू. मग सगळं कुटुंब फाटकाबाहेर उभं राहून, भूक नसताना, अर्धा किलो चिवडा संपवतं. टाकून कसा द्यायचा? आणि तासाभरात घसरगुंडीवर पोटात गोळा आला की दोष घसरगुंडीचा.

तिकीट बहुतेक ठिकाणी मुलाच्या उंचीवर ठरतं. खिडकीपाशी आई हळूच सांगते, ‘बाळा, गुडघे थोडे वाकव.’ बाळ तीन फुटांच्या रेषेखाली जातं, तिकीट वाचतं. पंधरा मिनिटांनी मोठ्या घसरगुंडीपाशी चार फुटांची रेषा येते. ‘बाळा, टाचा वर कर.’ एवढ्या वेगाने मूल वाढल्याची नोंद वैद्यकशास्त्रात नसावी. उंचीची ही अट मात्र हुज्जत घालण्याची नव्हे. हलकं, बुटकं मूल वळणावर कुठे फेकलं जाईल याचा भरवसा नसतो.

पुढचं रण कपड्यांचं. सुती टी-शर्ट, जीन्स, ओढणी चालत नाही, नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख लागतो. भाड्याने कपडे खपवायचा हा डाव आहे, असा संशय प्रत्येक काकांना येतो. पण सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. जीन्सची बटणं आणि चेनी तर फायबरच्या गुळगुळीत थरावर ओरखडे काढतात, आणि ते ओरखडे पुढच्याच्या पाठीला कळतात. पोशाख घरून न्यावा हे उत्तम. जुना असला तर पाण्याबाहेर एकदा खाली वाकून शिवण तपासावी.

आता घसरगुंडी. ती माणसाला नेते ती उताराइतकीच पाण्याच्या पातळ थराच्या जोरावर. वरून पंप सतत पाणी सोडतो, आपण त्या थरावर सरकतो. पाठीवर आडवं व्हायचं, घोट्यावर घोटा ठेवायचा, हातांची छातीवर फुली, हनुवटी किंचित छातीकडे. टाचा आणि खांद्यांची पाती एवढंच टेकलं की घर्षण कमी आणि वेग जास्त. घोटे जुळवतात ते पाय फाकू नयेत म्हणून. खाली आपटताना पाणी कुठे घुसतं हे ज्याला कळलं, त्याला नियम दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. घाबरलेला माणूस मध्येच उठून बसतो आणि अडकतो. ढगळ बर्म्युडा घातलेलाही अडकतो, कारण तिच्या पायांत पाणी भरून ब्रेक लागतो. मग वरून शिट्टी, खालून शिट्टी, आणि कुटुंबप्रमुखासारखा वावरणारा गृहस्थ हातांनी ढकलत ढकलत, आंघोळीच्या टबातल्या बदकासारखा, नातवंडांसमोर उतरतो. वजनदार माणसं साधारणपणे जास्त वेगाने येतात, म्हणून खालचा भाग रिकामा झाल्याचा इशारा आल्याशिवाय वरचा मुलगा सोडत नाही. त्याच्याशी ‘आमचे पाठोपाठ जाऊ द्या की’ असा वाद घालू नये. त्या उतरणीत अर्धं मिनिट जातं, जिने चढून रांग लावण्यात अर्धा तास. वसुलीवाल्यांनी हा भागाकार करू नये.

लाटांच्या तलावाचं मला कायम कौतुक वाटतं. गोव्याला शंभराहून अधिक किलोमीटरचा किनारा, लाटा फुकट, चोवीस तास चालू. तरी भोंगा वाजला की सगळे काँक्रीटच्या दर्यात धावतात. खोल बाजूच्या भिंतीमागे खोल्या असतात, त्यांत पंख्याने हवा दाबली की पाणी ढकललं जातं, तीच लाट. तळ उथळ होत जातो तशी ती फुटते, अगदी खऱ्यासारखी. कमरेइतक्या पाण्यात उभं राहावं आणि लहानाचा हात धरावा, रबरी ट्यूबच्या भरवशावर सोडू नये. पावसाळ्यात खरा दर्या खवळलेला असतो, लाल बावटे लागतात, तेव्हा हा खोटाच बरा.

तिथे नाकाला झोंबणारा वास येतो. काकू म्हणतात, ‘बघा, क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ दिसतंय.’ काकू, उलट आहे. तो वास क्लोरीन घाम आणि लघवीशी संयोग पावल्यावर तयार होणाऱ्या क्लोरामिनचा. डोळे चुरचुरतात तेही बरंचसं त्यानेच. म्हणून आधी शॉवर घ्या अशी पाटी असते. ‘आता भिजायचंच आहे, तर आधी कशाला?’ असं म्हणत सगळे पाटीसमोरून कोरडे पुढे जातात.

सनस्क्रीनचं तर विचारूच नका. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, तेही उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी परत. आपल्याकडे ५० मिलिलिटरची एक ट्यूब चौघांच्या घरात तीन उन्हाळे पुरते. संध्याकाळी सगळे उकडलेल्या खेकड्यासारखे दिसतात.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, म्हणून भूक वाघासारखी लागते. बुफेत ही भूक आणि वसुली हातात हात घालून येतात. एकाच ताटात इडली, छोले, पास्ता, वर जिलबी. पोळीच्या रांगेत पोयला, म्हणजे गोव्याच्या पावाला, कुणी विचारत नाही, पण ताजा दिसला तर आधी तो घ्यावा. बाकी सगळं तुमच्या गावीही मिळतं.

रात्री खोलीत ओले कपडे. गोव्याच्या दमट हवेत बाल्कनीत ते सकाळपर्यंत सुकत नाहीत, आणि बाल्कनीत वाळत घालू नये अशी सूचनाही असते. कोरड्या टॉवेलात कपडा गुंडाळून पिळावा आणि एसीच्या झोताखाली टांगावा. एसी चालू ठेवायला दाराजवळच्या खाचेत कार्ड लागतं. साध्या खाचेत कुठलंही कार्ड चालतं, त्यामुळे आपण जेवायला गेलो तरी वाचनालयाचं कार्ड खोली गार ठेवतं.

११ वाजता खोली सोडायची, कोकणकन्या संध्याकाळची. सात-आठ तास लॉबीत, काजू, बिबिंका (गोव्याची थरांची मिठाई) आणि ओल्या पोशाखांची पिशवी सांभाळत. ती पिशवी घरी पोचेपर्यंत उघडू नये, पोचल्यावर मात्र पहिली उघडावी. वॉटर पार्कने मनगटावर बांधलेला प्रवेशाचा पट्टा हाताने फाटत नाही, त्याला कात्री लागते. कात्री घरात असते. तरी तो सोमवारी ऑफिसात मनगटावर असतोच, बाही जरा वर सरकवलेली.