रक्ताच्या नळीमागे पाच हजार? भाऊकाका, हिशेब माझ्याकडे आहे

मागच्या रविवारी सकाळी आत्याच्या दारात तीन पोरी आल्या. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला आइसबॉक्स. मधुमेहाचा सर्वे चालू होता. आत्याने त्यांना बसवलं, चहा पाजला आणि हात काही पुढे केला नाही. "चहा घ्या, पण रक्त मिळायचं नाही. नळीमागे पाच हजार मिळतात तुम्हाला, मला कळलंय सगळं." संध्याकाळी फोनवर हे मला तिने मोठा गड जिंकल्यासारखं सांगितलं. दोन वर्षं तिचे तळपाय जळजळतायत. साखर एकदाही तपासलेली नाही.

कळलं कुठून, तर भाऊकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमधून. "करदात्यांनो, जागे व्हा! संशोधनाच्या नावाखाली लूट!" खाली सात मुद्दे, मध्ये लाल दिवे, शेवटी "आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय". हेच फॉरवर्ड मला आणखी दोन ग्रुपवर आलंय, म्हणजे तुमच्याकडेही आलंच असणार. मी गेली अकरा वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्रोजेक्ट सेक्शनमध्ये हिशेब लिहिते. ग्रँट, म्हणजे संशोधनाचं अनुदान, आली की नोंद, खर्च झाला की व्हाउचर, वर्ष संपलं की यूसी, म्हणजे पैसे कशावर गेले त्याचं प्रमाणपत्र. या दळणापाशी मी रोज बसते, काका. जात्याभोवती ऑडिटरच इतके आहेत की कुत्र्याला पाय ठेवायला जागा नाही.

आधी तिसरा मुद्दा, कारण आत्याचा हात त्यानेच मागे खेचला. "तुमच्या रक्ताच्या प्रत्येक नळीमागे शास्त्रज्ञाला सरकारकडून ५,००० रुपये मिळतात, म्हणून हे लोक गावोगाव फिरतात."

सरकारी ग्रँटची सँक्शन ऑर्डर एकदा डोळ्यांखालून घाला. पैसे हेडवार, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरांखाली, येतात: मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स (नळ्या, रसायनं), प्रवास, कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च), यंत्रसामग्री आणि संस्थेचा ओव्हरहेड (वीज, जागा वगैरे). "नळीमागे बक्षीस" असं हेड मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. प्रोजेक्ट ज्याच्या नावावर असतो तो पीआय कायम नोकरीतला असेल तर त्याला पगार त्याच्या संस्थेचा. ग्रँटमधून तो स्वतःला पगार काढू शकत नाही. आणि दारात आलेल्या त्या पोरी कंत्राटी, महिन्याच्या ठरलेल्या मानधनावर. तुमच्या आळीत दहा नळ्या भरल्या काय किंवा शून्य, त्यांच्या हातात पडायचं तेवढंच पडतं. शून्य भरल्या तर वरून बोलणी बसतात, एवढाच काय तो फरक.

आता काका, एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. ही अफवा अगदी हवेतून आलेली नाही. औषध कंपन्यांच्या खाजगी ट्रायलमध्ये, म्हणजे औषधांच्या चाचण्यांत, पेशंटमागे रक्कम ठरते आणि ती डॉक्टरला किंवा हॉस्पिटलला मिळते. त्याचा करार असतो, तो एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे जातो. कोणीतरी ते कुठेतरी ऐकलं आणि सरकारी सर्वेला चिकटवलं. अविश्वासालाही कारणं आहेत. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कोणी कागद नीट वाचून "नाही" म्हणालं, तर मी त्याला हात जोडेन. आत्याने कागद वाचलाच नाही, फॉरवर्ड वाचलं.

त्या कागदावर काय असतं? आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुमच्या भाषेत लिहिलेली माहिती, रक्त किती घेणार, कशासाठी, कुठे ठेवणार, मध्येच नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडायची मुभा, आणि तक्रारीसाठी एथिक्स कमिटीचा नंबर. एक प्रत तुमच्याकडे राहते. रक्त चमचाभर. राखाडी टोपणाच्या नळीत साखरेसाठी, जांभळ्या टोपणाच्या नळीत तीन महिन्यांच्या सरासरीसाठी. "परदेशात विकतात" म्हणे! परदेशी संस्थेबरोबरच्या प्रकल्पात नमुने बाहेर पाठवायचे तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत पीआयचे केस पिकतात.

या सगळ्यात मला खरा राग कशाचा आला, सांगू? "भारतात दहा कोटी मधुमेही, पॉलिशचा तांदूळ सोडा" हे फॉरवर्डही भाऊकाकांचंच. वर्षातून चारदा येतं. तो आकडा कुठला? आयसीएमआर-इंडियाब नावाच्या अभ्यासातला. २००८ ते २०२० अशी बारा वर्षं, ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १,१३,०४३ माणसं. पैसा सरकारचा, आयसीएमआर आणि आरोग्य संशोधन विभागाचा. २०२३ मध्ये त्याचे निकाल लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले: देशात १० कोटी १० लाख मधुमेही, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. त्या लाखभर माणसांतली बहुतेक खेड्यातली, आत्यासारखीच. कोणीतरी सकाळी दार वाजवलं आणि त्यांनी हात पुढे केला, म्हणून काकांना फॉरवर्ड करायला आकडा मिळाला.

मुद्दा दोन. "एकदा ग्रँट मिळाली की हिशेब कोणी विचारत नाही, उरलेले पैसे शास्त्रज्ञाच्या खात्यात." हे वाचून आमच्या सेक्शनमध्ये एक बाई खुर्चीत मागे रेलून हसली, दुसरी रडायचीच बाकी होती. मार्च चालू होता.

केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ सालचे, इंटरनेटवर फुकट मिळतात. नववं प्रकरण काढा. ग्रँट घेणाऱ्या संस्थेचे हिशेब पैसे देणाऱ्या खात्याला आणि कॅगला (देशाच्या महालेखापरीक्षकांना), दोघांनाही तपासायला खुले. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमचं यूसी. ते नाही गेलं तर पुढचा हप्ता अडकतो. ग्रँटमधून घेतलेलं यंत्र मंजुरीशिवाय विकता येत नाही, अगदी भंगारातसुद्धा. आणि पडून राहिलेल्या पैशावर बँकेने दिलेलं व्याजही संस्थेचं नाही. ते भारताच्या संचित निधीत भरायचं. मागे एका संपलेल्या प्रोजेक्टवर १,८४७ रुपये व्याज निघालं. सरकारी भरण्याच्या भारतकोश पोर्टलवर ते भरलं, चलन छापलं, यूसीला जोडलं, तीन सह्या घेतल्या. त्या खटाटोपात माझा गेलेला वेळ धरला तर सरकार तोट्यात असेल.

शिवाय गेल्या काही वर्षांत बऱ्याच केंद्रीय योजनांत झिरो बॅलन्स खाती आली. म्हणजे पैसा आमच्या खात्यात येऊन बसतच नाही. बिल आलं की मर्यादेतून निघतो, आणि ३१ मार्चला जे खर्च झालं नाही ते परत जातं. शास्त्रज्ञाच्या खात्यात पोचायला रस्ताच नाही.

ऑडिट किती बारीक असतं त्याचा एक नमुना देते. रक्ताचे नमुने गोठलेले पाठवायचे तर ड्राय आइस लागतो. एका प्रोजेक्टमध्ये असा ६,२०० रुपयांचा ड्राय आइस आला होता. ऑडिटला आलेल्या साहेबांनी व्हाउचर बघितलं, स्टॉक रजिस्टर उघडलं आणि हरकत लिहिली: "बर्फ खरेदी दिसते. शिल्लक साठा दाखविलेला नाही." पीआय मॅडमनी लेखी खुलासा केला की ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असून तो वितळत नाही, थेट हवेत विरून जातो, सबब शिल्लक दाखवणे शक्य नाही. साहेबांनी त्यावर लिहिलं, "विरल्याची नोंद कोणी प्रमाणित केली?" ती हरकत दोन वर्षं उघडी होती. वडापच्या जीपला तिकीट नसतं म्हणून फील्डवरच्या पोरींचे दीडशे-दोनशे रुपये महिनोन्महिने अडकतात, ते आणखी वेगळं.

काका, पैसे खाल्ल्याची प्रकरणं नसतातच असं मी म्हणत नाही. मार्चअखेर पैसा परत जाऊ नये म्हणून घाईघाईने घेतलेली यंत्रं मी पाहिली आहेत; एक तर देखभालीच्या कराराला पैसे नाहीत म्हणून खोक्यातच राहिलं. यूसी रखडतात, हेही खरं. पण याला चोरी म्हणत नाहीत. नियम चोरासाठी केले आणि त्यात अडकला तो काम करणारा, असा हा प्रकार आहे. सरकारलाही ते उमगलं असावं, कारण जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांचे खरेदीचे नियम सैल केले: निविदेशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून वैज्ञानिक उपकरणं घ्यायचा अधिकार संचालक-कुलगुरूंकडे. लूटमार चालू असती तर मुभा वाढवली असती का?

पहिला मुद्दा, "लाखो कोटी उधळतात". आरोग्य संशोधन विभागाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे ३,९०० कोटी. जैवतंत्रज्ञान विभागाची साधारण ३,४०० कोटी. दोन्ही मिळून देशातल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला पन्नास-बावन्न रुपये. पुण्यात त्यात दोन वडापाव आणि जेमतेम एक कटिंग बसतो. सगळ्या प्रकारच्या संशोधनावर, सरकारी आणि खाजगी मिळून, देशाचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, चीनचा अडीचच्या घरात. आणि या हाताने दिलेलं त्या हाताने परत घेणंही चालू असतं: २०२२ च्या जुलैत सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत काढली, एका फटक्यात बहुतेक ठिकाणी अठरा टक्के. ग्रँट मात्र जुन्याच भावाने मंजूर झालेली. सप्टेंबर २०२४ पर्यंत तर खुद्द ग्रँटवरच जीएसटी मागणाऱ्या नोटिसा निघत होत्या. त्या महिन्यात जीएसटी परिषदेने ते थांबवलं.

"पीएचडीची पोरं पस्तिशीपर्यंत फुकट पगार खातात." जेआरएफ, म्हणजे या पोरांची शिष्यवृत्ती, महिन्याला ३७,००० आणि घरभाडं, तेही २०२३ पासून, आधी ३१,००० होतं. चार-चार महिने येत नाही, मग एकदम येतं. शनिवारी रात्री अकराला पेशी-संवर्धनाच्या खोलीत दिवा कोणाचा असतो ते येऊन बघा. पुढे.

"आयुर्वेदाला दमडी देत नाहीत." २०२५-२६ मध्ये आयुष मंत्रालयाची तरतूद जवळजवळ ४,००० कोटी होती, म्हणजे आयसीएमआर ज्याच्याखाली येतं त्या अख्ख्या विभागापेक्षा थोडी जास्तच. ती सगळी संशोधनाची नाही, मान्य. पण दमडी?

"आजवर एक लस निघाली नाही." नव्वद दिवसांत नाही निघत काका, लोणचं आहे का ते? रोटाव्हायरसच्या जुलाबावरची रोटाव्हॅक घ्या. विषाणू सापडला १९८५-८६ मध्ये, दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांत. जैवतंत्रज्ञान विभागाने वर्षानुवर्षं पैसा लावला, परदेशी संस्थांचाही होता. शेवटची मोठी चाचणी ६,७९९ बाळांवर, तीन ठिकाणी: दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू. सरकारी लसीकरणात आली २०१६ साली. तीस वर्षं! या तीस वर्षांत यूसीच्या किती फायली गेल्या असतील, माझ्या अंगावर काटा येतो. आणि कोव्हॅक्सिनचा विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या एनआयव्हीतच, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. तिच्यासाठी आयसीएमआरचे सुमारे ३५ कोटी गेले आणि जानेवारी २०२२ अखेर रॉयल्टीपोटी १७१ कोटींवर परत आले, हे सरकारने राज्यसभेत सांगितलेलं आहे.

राहिला सातवा, "रिपोर्ट कुठेच सापडत नाही". इथे मी गप्प बसते, कारण यात तथ्य आहे. पैशाचा रिपोर्ट रुपयापर्यंत जातो, पण तो दिल्लीला जातो. संशोधनातून निघालं काय, हे पैसे भरणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या एका संकेतस्थळावर नाव टाकलं की ग्रँट कोणाला, किती, त्यातून कोणते शोधनिबंध आले, सगळं दिसतं. आपल्याकडे अंतिम अहवाल फायलीत जातो, फाइल कपाटात जाते, कपाटाची किल्ली निवृत्त होते. ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे. तिथे सुरुवात सापडते, निकाल बऱ्याचदा सापडत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या एका मुद्द्यावर रान उठवलं असतं तर पहिली सही मी केली असती. त्याला मात्र पाच हजाराची नळी जास्त आवडली.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर टाकलं. भाऊकाकांचा अंगठा आला, आणि दहा मिनिटांनी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा व्हिडिओ.

आत्याला मी फोनच केला. अर्धा तास बोलले. ड्राय आइसची गोष्ट ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली, "पण गं, माझी साखर किती निघाली ते मला सांगतील, का तेही दिल्लीलाच कळवतील?"

"तुला सांगतील. संमतीच्या कागदावरच लिहिलेलं असतं."

"मग येतील का परत त्या?"

"गुरुवारी वरच्या आळीत आहेत. मी निरोप ठेवलाय. सकाळी लवकर येतील, तोवर काही खायचं नाही."

"चहा?"

"चहाही नाही, आत्या."

"बिनसाखरेचा?"