व्ही-एटचा शेवटचा अल्बम फसलाय, पण बायबलमुळे नाही

अर्जेंटिनाचं हेवी मेटल, म्हणजे जड गिटारवालं रॉक, म्हटलं की आपल्याकडचे लोक फार फार तर राता ब्लांकापर्यंत पोचतात, एखादा जास्तच खोलात गेलेला असेल तर एर्मेतिका. पण या दोन्ही बँडांची माणसं ज्या एका बँडमधून बाहेर पडली तो व्ही-एट. आणि ज्यांनी तो ऐकलाय तेही 1983 च्या 'लुचांदो पोर एल मेताल' या पहिल्या अल्बमवर थांबतात, फारच झालं तर 1985 चा दुसरा. तिसरा आणि शेवटचा, 1986 चा 'एल फिन दे लोस इनिकुओस', म्हणजे दुष्टांचा अंत, हा निघाला की ठरलेलं वाक्य येतं: पोरं चर्चला लागली आणि बँडची वाट लागली.

मला हे अजिबात पटत नाही. अल्बम कमीजास्त आहे, मान्य, पण कारण ते नाही.

आधी ही पोरं कोण होती ते बघा. 1982 साली ब्युनोस आयर्सच्या बी.ए. रॉक फेस्टिव्हलला ते चढले तेव्हा देश नुकताच ब्रिटनशी माल्विनासचं (फॉकलंडचं) युद्ध हरलेला, लष्करी राजवट अजून गेलेली नाही, स्टेजवर आजूबाजूला शांतीची गाणी गाणारे जुने रॉकवाले आणि हे त्या शांतीवाल्यांनाच सुनावतायत की तुमचं रडगाणं ऐकून कंटाळा आलाय. पहिल्या अल्बममधलं 'देस्त्रुक्सिओन' तर सरळ सांगतं की आता कशावरच विश्वास उरला नाही. मग तीन वर्षांत हाच बँड बायबलमधलं स्तोत्र गायला लागला म्हटल्यावर लोक चक्रावणारच.

पण कुठलं स्तोत्र? 58 वं! मराठी बायबल घरात असेल तर स्तोत्रसंहिता काढून वाचा, त्यात देवाला चक्क विनवणी आहे की या दुष्टांच्या तोंडातले दात पाड, आणि पुढे नीतिमान माणूस दुष्टाच्या रक्तात पाय धुतो. यापेक्षा जास्त मेटल काय लिहिणार कोणी? तिथे बँडचा जुना राग कुठेही गेलेला नाही, फक्त त्याला मागे उभं राहायला कोणीतरी मोठं मिळालंय. 'रेलिखिओन रोबोतिसादा'चंही तेच, यंत्रासारख्या धर्मावरच हल्ला, म्हणजे चर्चवाल्यांची खुशामत वगैरे काही नाही.

अल्बम घसरतो तो 'नो एन्लोकेसेरे'ला. आधीच्या अल्बममध्ये 'बॉय आ एन्लोकेसेर' होतं, वेड लागणार म्हणून ओरडणारं, आणि इथे त्यालाच उत्तर की नाही लागणार. बरं वाटलं असेल त्यांना, चांगलंच आहे, पण ऐकणाऱ्याला ते डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटसारखं वाटतं. राग पेलणारा बँड दिलासा द्यायला गेला की कसा अवघडतो ते इथे कळतं.

दुसरं म्हणजे माणसं बदललेली. गिटारवरचा ओस्वाल्दो सिविले आणि ड्रमवरचा गुस्तावो रोवेक दोघंही बँड सोडून गेलेले, मधे गिटारिस्ट वाल्तेर जिआर्दिनो थोडा काळ येऊन गेला आणि पुढे रोवेकसोबत राता ब्लांकात दिसला. मिगेल रोल्दानची गिटार रेखीव आहे, कदाचित सिविलेपेक्षा सफाईदार, पण सिविलेच्या वाजवण्यात जी घाण होती ना (कौतुकाने म्हणतोय) ती नाही. आद्रियान सेन्सीचे ड्रम्स ठीक. बेतो सामारबिदेचा आवाज मात्र मला इथेच सगळ्यात जास्त आवडतो, याच्यावर भांडायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये या.

आणि बासवर रिकार्दो इओरिओ, ज्याला बाकी तिघांच्या चर्चच्या वाटेने जायचंच नव्हतं. 1987 मध्ये बँड फुटला, पुढे हे तिघं मिळून लोगोस काढतात, उघड ख्रिस्ती मेटल, आणि इओरिओ एर्मेतिका काढून कामगार, शहर, भाकरी यावर लिहायला लागतो. हे कळल्यावर अल्बम परत ऐका, एकाच गाण्यात दोन बँड वाजतायत असं वाटतं, आणि जिथे दोघांचा शत्रू एकच असतो तिथे तो जबरदस्त आहे.

ऐकणार असाल तर क्रमाने लावू नका. स्तोत्र 58, मग 'त्राखिको सिग्लो', मग बाकीचं. आणि साऊंड पातळ आहे म्हणून पहिल्या मिनिटाला बंद करणाऱ्यांनी मला मेसेज करू नये.